आईची दुसरी कवळी

१९६४ सालच्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार. ठरलेली रक्कम एकशे वीस रुपये, वरची आणि खालची कवळी मिळून. साताऱ्यातल्या एका खोलीत आम्ही चौघं होतो: दातांचे डॉक्टर, त्यांच्या पत्नी, माझी आई आणि मी. वडील बाहेर पायरीवर बसले होते, त्यांना औषधाचा वास सोसत नसे.

मी तेव्हा साताऱ्यात नगरपालिकेच्या जकात खात्यात कारकून होतो. एकशे वीस म्हणजे पगाराहून थोडेच कमी. पण आईला वर्षभर भाकरी चावता येत नव्हती. ती दुधात कुस्करून गिळायची. तिच्यासमोर चावून खायला वडिलांना संकोच वाटे, म्हणून तेही कुस्करूनच खात. कवळीचा आग्रह त्यांचाच.

माझ्या माहितीप्रमाणे आमच्या भागात दातांचं रीतसर शिक्षण घेऊन आलेले हे डॉक्टर पहिलेच. ते मुंबईहून आले तेव्हा दात काढणारे आठवड्याच्या बाजारात बसत. पुढ्यात फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग. ढीग जितका मोठा तितका माणूस हुशार, असा लोकांचा हिशोब. डॉक्टरांच्या खोलीत ढीग नव्हता. शिवाय ते म्हणायचे, हा दात भरला तर वाचेल. मग आलेला माणूस उठून बाजारात जाई.

त्यांची खुर्ची एका न्हाव्याकडून घेतलेली होती. दात कोरायचं यंत्र शिवणयंत्रासारखं पायाने चाले. पाय हलला की हात हलतो, म्हणून पाय मारायचं काम त्यांच्या पत्नी करत. डॉक्टरांचा खांदा जरा वर गेला की पत्नींचा पाय थांबे. प्लास्टर ओतणं, कवळी घासून गुळगुळीत करणं हेही त्यांच्याकडेच. रुग्णाच्या तोंडात मात्र त्यांनी कधी बोट घातलं नाही.

डॉक्टरांनी आईपुढे वेगवेगळ्या रंगांच्या दातांची पट्टी धरली.

"आवं डाक्टर, लय पांढरं नकोत. बायका म्हंतील, ही कुनाची?"

"मावशी, मिश्रीचा रंग या पट्टीत नाही."

"मंग मी घरी लावीन की."

"लावा. पण रात्री काढून थंड पाण्यात ठेवा. थंडच हं."

ते आईहून वयाने मोठे होते, तरी बायकांना सरसकट मावशी म्हणत. आई घरी येऊन त्यावर पुष्कळ हसली. कवळी बसली त्या दिवशी वडिलांनी तिच्यासमोर बसून दीड भाकरी चावून खाल्ली.

पुढच्या वर्षी श्रावणात वडील गेले. तेराव्याच्या आधी घर सारवलं, अंथरुणं धुतली, भांडी चिंचेने घासून उकळत्या पाण्यातून काढली. त्यानंतर आईचं जेवण तुटलं. ती पदर तोंडावर धरून बसे आणि भाकरी परत सरकवून देई. आम्ही समजलो, दुःख आहे, होईल कमी. दिवाळीपर्यंत तिची गळ्याची हाडं दिसू लागली.

दिवाळीनंतर डॉक्टर भेटायला आले. तेही फार वाळले होते. चहा होईपर्यंत ते आईकडे बघत राहिले.

"मावशी, पदर खाली घ्या."

आईने घेतला नाही. मग उठून आत गेली आणि एक पुरचुंडी आणून त्यांच्यापुढे ठेवली. आतली कवळी उन्हात पडलेल्या चपलेसारखी वाकडी झाली होती.

"हे कशाने झालं?"

"समदं घर शुद्ध केलं. त्येंचं सुतक माझ्या तोंडातबी व्हतंच की. टाकली पातेल्यात."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "थंड पाणी सांगितलं, पण गरम का नको ते मी सांगितलं नाही. आणि तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत?"

"नवी करून घ्येतली तर बायका म्हंतील, कुकू गेलं आन् दात आलं."

"दात म्हणजे दागिना नव्हे, मावशी. जेवायचं अवजार आहे. विळी टाकून दिलीत का तुम्ही?"

"न्हाई."

"मग उद्या सकाळी या."

दुसऱ्या कवळीचे, वरची-खालची मिळून, डॉक्टरांनी निम्मेच म्हणजे साठ रुपये लावले. वीस मी तिथेच दिले. आईच्या तोंडाचा साचा घेताना डॉक्टरांना मध्येच खाली बसावं लागलं. त्यांच्या पोटात दुखत होतं. ते त्याच दिवशी पत्नीसह सांगलीला, आपल्या मूळ घरी निघाले होते. मी त्यांची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेलो.

"दात वाचवायला शिकून आलो," ते चालता चालता म्हणाले, "आणि तीस वर्षं बहुतेक काढतच राहिलो. लोक उशिरा येतात." मग थांबून म्हणाले, "मीही उशीरच केला म्हणा."

त्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवल्याचं कळलं, आणि संक्रांतीच्या सुमाराला ते गेल्याचं. आईला घेऊन मी कराडवरून सांगलीला गेलो. त्यांच्या पत्नींना भेटून यायचं, एवढंच मनात होतं.

डॉक्टरांच्या पत्नींनी ओल्या फडक्यातून कवळी बाहेर काढली. "मेणात दात त्यांनीच लावले, दवाखान्यात खाटेवर बसून. पुढचं मी केलं."

आईने ती घातली. वरची नीट बसली. खालची उजवीकडे टोचत होती. डॉक्टरांच्या पत्नी दिव्याजवळ येऊन आईच्या तोंडात बराच वेळ बघत राहिल्या. घासायची कानस त्यांच्या हातातच होती.

"जरासं घासलं की बसेल. पण किती, ते तेच ठरवायचे."

"आवं, घासा की तुमी. मी काय तक्रार करनार हाय?"

"तुम्ही नाही करणार," त्या म्हणाल्या, "म्हणूनच नको." आणि कानस खाली ठेवली.

ते टोचणं शेवटपर्यंत राहिलं. आई भाकरी डावीकडून चावायची. मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू असं मी दोनदा म्हटलं. "त्येंच्या हातचं हाय, ऱ्हाऊ दे," एवढंच ती म्हणाली.

निघताना मी उरलेले चाळीस रुपये पुढे केले. डॉक्टरांच्या पत्नींनी ते मोजले आणि दहाची एक नोट माझ्या हातात परत दिली. "बसवून द्यायचं राहिलं," त्या म्हणाल्या. मी नको म्हणून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या कवळीचे एकूण पन्नास रुपये दिले गेले: वीस डॉक्टरांना, तीस त्यांच्या पत्नींना.