निवट्यांचा डबा

रजिस्टरवर सही करण्याआधी ते पत्र्याच्या डब्याला कान लावायचे. आतली वळवळ ऐकू आली की म्हणायचे, "जित्या हायेत, बाय." मगच पेन हातात घ्यायचे.

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात मी काउंटरला बसते. कोर्टाच्या तारखेला येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पिशवी पोटाशी धरून बसलेली. डब्याला कान लावणारे हे पाहुणे रायगडकडच्या खाडीकाठचे. गावचं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी चिखलजमीन, भराव टाकून बुजवणार होते आणि ते थांबवायची केस दिल्लीत चालली होती. कागदावर त्या जागेला 'पडीक चिखल' म्हटलेलं. म्हणून दर तारखेला ते त्याच चिखलात ठेवून चार निवट्या आणायचे. निवटी म्हणजे बोटाएवढी मासळी, डोळे डोक्यावर, ओहोटीला चिखलात उड्या मारत हिंडते. मी दिल्लीत वाढले, हा शब्द त्यांच्याकडूनच शिकले.

"साहेबानं ह्या बघितल्या, की पडीक कसं म्हनंल?"

"आणि तुम्ही घरी खात नाही का?"

"खातो की, झणझणीत कालवण करून. पन ह्या साक्षीदार हायेत."

केस पुढे ढकलली जायची. साक्षीदार न तपासताच गावी परत जायचे, खाडीत सुटायचे.

एका तारखेला सकाळीच ते काउंटरवर आले. चेहरा पांढराफटक. "बाय, डब्यात कायबी नाय."

कॅन्टीनच्या भैयाजींना मासळीची दया आली होती. डबा त्यांनी नळाच्या पाण्याने काठोकाठ भरला होता. "पानी कम था, मैडम," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. निवटीला वर येऊन श्वास घ्यावा लागतो, तुडुंब पाण्यात ती गुदमरते; म्हणून त्या उड्या मारून डब्याबाहेर पडल्या होत्या. कोर्टाची वेळ होत आली होती. आम्ही तिघं त्यांच्या खोलीत गुडघ्यांवर बसून खाटेखाली शोधत होतो. पाहुणे कोणावर ओरडले नाहीत, पण मला रडू येत होतं.

बाथरूमच्या ओल्या भिंतीला चारही चिकटून बसल्या होत्या, आमच्याकडे बघत.

"ये मछली है कि छिपकली?" भैयाजी म्हणाले.

पाहुण्यांनी हात ओले करून एकेक अलगद उचलली. "शहाण्या गं माझ्या."

त्या दिवशीही नंबर लागला नाही.

पुढच्या तारखेला ते मोकळ्या हातांनी आले. मी डब्याचं विचारलं.

"आनू कुठनं? भराव पडला. केस चालू हाय म्हनून आलो."

मी रजिस्टर पुढे सरकवलं. त्यांनी सवयीने मान वाकवली, रिकाम्या हाताकडे कान नेला. मग म्हणाले, "दे बाय, पेन दे."