तड्यावरची पट्टी

सोमवारी सकाळी ओळंबा मिस्तरी घरचा जिना उलटा उतरला. तोंड भिंतीकडे, दोन्ही हात कठड्यावर, एकेक पायरी पायाने चाचपत. अठरा पायऱ्या. एरवी तो त्या दोन-दोन करून उतरायचा.

खाली बायको मशीनवर पिशव्या शिवत बसली होती. तिने पाय थांबवला.

"अहो, हे घर आहे, जहाज नाही. असे काय उतरताय?"

"मांड्या धरल्यात."

"धरणारच. दहा महिने निजवून ठेवलेल्या मांड्या, आणि काल एकदम दहा किलोमीटर! कोणाला दाखवायचं होतं?"

दाखवायचं होतं पोस्टमनला, धावण्यातल्या जोडीदाराला.  ओळंबा डबा उचलून कामावर गेला.

ओळंबा पेशाने गवंडी. त्याने बांधलेल्या भिंतीला वरून खालपर्यंत ओळंब्याची दोरी सोडून बघा, केसाएवढा फरक सापडायचा नाही. म्हणून हे नाव. धावायचाही तसाच, पाठ ताठ आणि नजर समोर. गावाबाहेरच्या तळ्याभोवती दरवर्षी तीस किलोमीटरची दौड व्हायची. जोडीने धावायचं, दोघांत मागे राहील त्याची वेळ धरायची. म्हणजे एकाने पुढे पळून काही उपयोग नाही. ओळंबा आणि पोस्टमन अकरा वर्षं जोडीने धावले होते. कधी पहिले आले नाहीत, कधी अर्ध्यावरून परतलेही नाहीत.

गेल्या वर्षी बांधकामावर परांचीची फळी सरकली आणि ओळंबा पहिल्या मजल्यावरून खाली आला. डाव्या पायाची नडगी मोडली. दहा महिन्यांनी डॉक्टरांनी "हळूहळू सुरू करा" म्हटलं, तेव्हा तो सगळ्यात आधी पोस्टमनकडे गेला.

"मी तर थांबलोच नाही," पोस्टमन म्हणाला. "रोज आठ-दहा चालूच. तुझं सांग. महिनाअखेरीला नाव द्यायचंय. तो बेकरीवाला मागे लागलाय, मला जोडीला घ्या म्हणून."

 पाय गेला तर गेला, जोडी जाता कामा नये. ओळंबा म्हणाला, "रविवारी ये. दहा मारू."

रविवारी दोघांनी पहिल्या किलोमीटरपासून जुनाच वेग धरला. नेहमी सगळ्या गावाची उणीदुणी काढत धावणारे दोघे त्या दिवशी चकार शब्द बोलले नाहीत. सहाव्या किलोमीटरला ओळंब्याच्या नडगीत बारीक ठणका सुरू झाला. तो दात आवळून धावत राहिला.

"काय, झेपलं ना?" शेवटी पोस्टमनने विचारलं.

"यात झेपायचं काय? आंघोळ करून अजून दहा मारतो," ओळंबा म्हणाला आणि कोपरा वळेपर्यंत ताठ चालत गेला. वळल्यावर त्याने भिंत धरली.

आता सोमवारी कामावर सगळं अंग बोलत होतं. मांड्यांची लाकडं झाली होती, पोटऱ्यांत गोळे येत होते, खुब्यातून कळ निघत होती. याला तो घाबरला नाही. नवं घर पहिल्या वर्षी बसतं, गिलाव्याला चार केसांएवढ्या चिरा जातात, कोणी घर पाडत नाही. पण एकच तडा विटेतून आरपार जात असेल तर गोष्ट वेगळी. नडगीचं दुखणं असं एकाच जागी होतं. अंगठ्याने दाबलं की डोळ्यांत पाणी यायचं.

भिंतीला असा तडा दिसला की गवंडी अंदाज बांधत बसत नाही. तड्यावर आडवी सिमेंटची बोटभर पट्टी लावतो आणि तिच्यावर तारीख घालतो. पट्टी फुटली तर भिंत अजून हलतेय. अख्खी राहिली तर तडा जुना, बुजवा आणि रंग मारा. ओळंब्याने कानामागची पेन्सिल काढली. नडगीवर जेवढं दुखत होतं तेवढ्याला गोल काढला आणि शेजारी तारीख घातली.

मंगळवारी गोल तेवढाच. बुधवारी किंचित लहान. ओळंबा खूश झाला आणि संध्याकाळी गुपचूप चार किलोमीटर धावून आला. गुरुवारी पहाटे दाबून पाहिलं, तर दुखणं गोलाबाहेर दोन बोटं गेलं होतं.

बायकोने पाहिलं. "पायावर कसला नकाशा काढलाय?"

त्याने पट्टीची पद्धत समजावून सांगितली. तिने नीट ऐकून घेतलं.

"बरं. आणि पट्टी लावलेल्या भिंतीवर तुम्ही दुसऱ्या दिवशी हातोडा मारता?"

"छे! कोण मारेल?"

"मग काल पळायला कोण गेलं होतं?"

ओळंब्याने विजार खाली ओढून गोल झाकला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंतींवर पट्ट्या लावल्या, मालकांना थांबायला सांगितलं. स्वतःच्या पायाला तेवढा धीर दिला नाही. आज पोस्टमनला खरं सांगायचं आणि बेकरीवाल्याचं नाव देऊ द्यायचं, असं ठरवून तो कामावर गेला. 

अकराच्या सुमारास तो दुसऱ्या मजल्याच्या परांचीवर गिलावा करत होता. समोरच्या इमारतीतून पोस्टमन बाहेर आला. दाराबाहेर दहा पायऱ्या. पोस्टमनने इकडेतिकडे पाहिलं, खांद्यावरची पिशवी मागे सारली, वळला, आणि कठडा धरून उलटा उतरू लागला. तिसऱ्या पायरीवर थांबून त्याने गुडघा चोळला.

ओळंब्याने थापी खाली ठेवली.

"काय रे ए, रोज आठ-दहा!"

पोस्टमनने मान वर केली. चोरी करताना पकडलेल्या मांजरासारखं तोंड झालं त्याचं.

"मिस्तरी, तू वर आहेस होय?"

"वरूनच सगळं दिसतं. खरं बोल, किती पळालास दहा महिन्यांत?"

"दोनदा. तळ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. एकट्याने काय पळायचं लेका? शिव्या कोणाला घालायच्या?"

"आणि बेकरीवाला?"

"विचारतो खरंच. पण तो पळताना पावाच्या पिठाबद्दल बोलतो. सगळा वेळ!"

ओळंबा परांचीवर मटकन बसला आणि पोट धरून हसला. हसतानाही बरगड्या दुखल्या.

"मग रविवारी दहा कशाला पळालास?"

"तू थांबशील म्हणून वाट बघत होतो."

"मी तुझी!"

मग त्याने नडगीचं सांगितलं, गोलासकट. पोस्टमनने ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "उद्या डॉक्टर. मी येतो बरोबर."

डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे काढला. हाड नीट जुळलेलं होतं, त्याला धरून असलेला स्नायू सुजला होता. दहा दिवस धावणं बंद. मग दोन मिनिटं धावा, तीन मिनिटं चाला, असं चार किलोमीटर, एक दिवसाआड. ओळंब्याने एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही. पोस्टमन शेजारी होता आणि घड्याळ त्याच्या हातावर होतं. एकदा एक आजी भाजीची पिशवी घेऊन त्यांना मागे टाकून गेल्या. चालायची पाळी होती, म्हणून दोघे चालत राहिले. त्यांनी फक्त बेकरीवाल्याची उणीदुणी काढली.

नडगीवरचे, आंघोळीनंतर पुन्हा गिरवलेले गोल एकात एक बसत गेले. मोठ्यात लहान, लहानात त्याहून लहान. शेवटचा वाटाण्याएवढा. पुढच्या तारखेला दाबल्यावर गोल काढण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून त्याने नुसती तारीख घातली.

महिनाअखेरच्या रविवारी पहिल्यांदा तो न चालता चार किलोमीटर धावला. सावकाश. दौडीला अजून सोळा आठवडे होते. परतताना त्यांनी नाव दिलं. 'अपेक्षित वेळ' या रकान्यात दरवर्षी तीन तास लिहायचे. या वेळी ओळंब्याने चार तास पाच मिनिटं लिहिलं.

"वरची पाच कशाला?" पोस्टमनने विचारलं.

"तळ्याच्या बांधावरून खाली चाळीस पायऱ्या आहेत. तुला उलट्या उतराव्या लागल्या तर."

"मला? आणि तू?"

"मी खाली उभा राहून बघेन."

सोमवारी सकाळी मांड्या थोड्या दुखत होत्या, दोन्ही सारख्याच. ओळंबा तोंड पुढे करून, एकेक पायरी, जिना उतरला. खाली मशीन चालू होतं. ते थांबलं नाही.