खिशातली चिठ्ठी

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळत आलो. शिरूर कासारला माझ्या घराजवळ एकाचं पंक्चरचं दुकान आहे. माणूस साडेसहा फूट उंच. डावा गुडघा वाकत नाही, म्हणून पाय सरळ पसरून काम करतो. जुनी ट्यूब बसल्या जागेवरून समोरच्या खुंटीवर फेकतो आणि ती अडकली की ओरडतो, "दोन!" बास्केटबॉलमध्ये बास्केटचे दोन गुण असतात.

शाळेत मीच त्याचा क्रीडाशिक्षक. पुढे पुण्यातल्या एका कंपनीच्या संघानं त्याला पगारावर घेतलं, पण दोनच हंगामांत गुडघा गेला. "नशीब त्याचं," असं गावात मीच सांगत फिरलो. खरं तर शाळेच्या शेवटच्या स्पर्धेतच तो गुडघा सुजला होता. आईवडील ऊसतोडीला गेलेले, म्हणून दवाखान्यात पालक म्हणून सही माझी. 'सहा महिने खेळ बंद' ही डॉक्टरांची चिठ्ठी मी खिशात घातली आणि "किरकोळ आहे" म्हणत त्याला अंतिम सामन्यात उतरवलं. आम्ही जिंकलो.

परवा सायकलचं चाक घेऊन गेलो. ट्यूब पाण्यात बुडवत तो म्हणाला, "सर, जिंकल्यावर तुमचा शर्ट मीच धुतलता. खिशात ती चिठ्ठी घावली मला."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"तुमी सांगताल म्हणून वाट बघत खेळत राहिलो. गुडघा गेल्यावरबी वाट बघितली, लई वर्षं."

त्यानं चाक माझ्या हातात दिलं. माफीचं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं.

"हवा नीट भरलीस ना?" एवढंच मी विचारलं.