शेंदराखाली मोर की घोडा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. आठवीनंतर शाळा सुटली, तेव्हा चुका सांभाळून घ्या. धाराशिवला चाचांच्या गॅरेजात मी डेंटिंगचं, म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचं काम करतो. आमच्याकडं साठ-सत्तर वर्षांच्या जुन्या मोटारी येतात. त्यांच्या बॉनेटच्या टोकावर चकचकीत मूर्ती असतात. कुठं पक्षी, कुठं घोडा, कुठं पंखवाली बाई. मी बोलतो कमी, त्यामुळं ऐकलेलं सगळं आत साचतं, नखातल्या ग्रीससारखं.

* * *

तुळजापूरच्या एका गुरुजींच्या गाडीवर पंखवाली बाई होती. अंगावर कपडा नावालाच. म्हणून गुरुजींच्या बायकोनं तिला खणाची चोळी आणि इवलंसं लुगडं शिवलं होतं. पॉलिशसाठी ते उतरवायला मी हात पुढं केला, तर गुरुजी म्हणाले, "आधी शटर ओढा."

भर मे महिन्यात, बंद गॅरेजात, चाचा आणि मी घामानं भिजत त्या वीतभर बाईला पॉलिश करत होतो. गुरुजी तिच्याकडं पाठ करून उभे!

* * *

तेरखेड्याच्या एका फटाकेवाल्याच्या गाडीवर जेट विमान होतं, लांब आणि टोकदार. सोबत त्याचा म्हातारा कारागीर आला होता. त्याची सगळी हयात रॉकेट भरण्यात गेलेली. त्यानं विमान पुढून बघितलं, मागून बघितलं, बोट फिरवलं आणि मालकाला म्हणाला, "माल चांगलाय. पर वात कुठं लावायची?"

* * *

ढोकीकडच्या एका पाव्हण्यानं भंगारातल्या मोटारीचा गरुड आमच्याकडून ट्रॅक्टरवर बसवून घेतला. कारखान्यावर उसाच्या रांगेत लोकांना वाटलं, कुण्या साहेबाचा ट्रॅक्टर आहे. त्यांनी वाट दिली. आठ दिवसांत आमच्या दारात ट्रॅक्टरांचीच रांग!

पुढच्या हंगामात ज्याच्या त्याच्या नाकावर गरुड. मग कुणी कुणाला वाट देईना. पाव्हणा परत आला. "चाचा, माझा गरुड काढा. आता बिनगरुडाचा मी एकटाच दिसंन, तर लोकं सोडतील."

* * *

सोनारीच्या अण्णांचा किस्सा मात्र माझ्याच गळ्याशी आला होता.

अण्णांच्या वडलांनी, म्हणजे दादांनी, गाडी घेतली आणि पहिल्याच दसऱ्याला बॉनेटवरच्या मूर्तीला शेंदूर फासला. पुढं दर दसऱ्याला एक थर. आता दादा नव्हते, तिथं नारळाएवढा गोळा झाला होता आणि आत काय आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. अण्णा म्हणत मोर, त्यांची बहीण आक्का म्हणे घोडा. वीस वर्षं हाच वाद. अण्णांच्या नातीच्या वरातीसाठी आता मूर्ती मोकळी करायची होती.

चाचा मला म्हणाले, "हे तू कर. आत जे हाय ते साबूत निघालं, तर उद्यापासनं रंगाची स्प्रेगन तुझ्या हातात. तुटलं, तर टायर धूत बस."

त्या स्प्रेगनसाठी मी चार वर्षं वाट बघत होतो.

दोन दिवस कोमट तेल आणि लाकडी काडी घेऊन मी थर सोडवले. अण्णा आणि आक्का समोर खुर्च्या टाकून बसलेले.

"चोच दिसती का रं?"

"खूर बघ, खूर."

गोळा पेरूएवढा झाला, लिंबाएवढा झाला. ना चोच, ना खूर.

शेवटचा थर निघाला. बॉनेटला नुसतं मूर्तीच्या बोल्टाचं भोक होतं आणि भोकावर नीट बसवलेली एक सुपारी.

अण्णांनी वाकून सुपारी निरखली. मग हळूच म्हणाले, "दादांच्या हातनं मूर्ती मोडली असंल बघ. आन मूर्ती न्हाय तर पूजेला सुपारी मांडतेत, तशी मांडली."

"आन आपण मोर-घोडा करत बसलो," आक्का म्हणाली. दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

चाचांनी सुपारी उलटसुलट करून बघितली. कुठं चरासुद्धा नव्हता. "साबूत हाय," ते म्हणाले.

अण्णांना वरातीची काळजी पडली. लोकांनी विचारलं तर काय सांगायचं? आक्का माझ्याकडं वळली. "परत झाकून टाक रं पोरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून गॅरेजात गेलो, सुपारी जागेवर बसवली आणि स्प्रेगनमध्ये शेंदरी रंग भरला.