गुरुवारची रेंज

आमच्या शेजारच्या ज्योतीरामने सांगवीला दुसरा संसार थाटलाय, ही बातमी बिल्डिंगमध्ये चांगली मुरली होती. पुरावा एकच, दर गुरुवारी त्याचा फोन लागत नाही. बातमी काढली पहिल्या मजल्यावरच्या मंजुषाने, तिखटमीठ लावलं मी. मग एका गुरुवारी त्याची बायको दिपाली माझ्या दारात आली, हात धरून मला आपल्या घरात नेलं आणि बेडरूमचं दार ढकललं. आत ज्योतीराम तोंड उघडं टाकून घोरत होता.

"हा बघा ताई, सांगवीचा संसार. जा आता, सांगा जिन्याजिन्यात."

सांगितलं मी. पण घोरणाऱ्या नवऱ्यात कुणाला रस असतो?

ज्योतीराम मूळचा धाराशिवकडचा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. सुट्टी गुरुवारची, पण तिथली मशीनची एक लाइन त्या दिवशीही ओव्हरटाइमवर चालते आणि नेमकी तीच बंद पडते. मग फोन. नियम असा की मेंटेनन्सवाल्याने फोन स्विच ऑफ ठेवला तर हातात मेमो. कव्हरेजच्या बाहेर असला तर मात्र दोष कुणाचाच नाही. आमची बिल्डिंग चिखलीत, चारही बाजूंना पत्र्याची वर्कशॉपं. त्याचं जुनं सिमकार्ड घरात शिरलं की मेलंच. बाकीच्यांनी ते कार्ड कधीच फेकून दिलं होतं. हा एकटा बटणांच्या फोनमध्ये घालून ते जपत होता. आठवड्याची एक झोप त्या मेलेल्या कार्डावर टिकून होती.

त्याच्या सुपरवायझरला, रणजीतला, हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो गुरुवारी सकाळी थेट दारात हजर, हातात नवाकोरा स्मार्टफोन. मी दाराशी कोथिंबीर निवडत होते. दुसरीकडे बसून कशी निवडणार?

"अख्ख्या कारखान्यात हे खटारं घेऊन फिरणारा तू एकटा," रणजीत म्हणाला. "हा घे. कंपनीने दिलाय. कार्डही बदल, नंबर तोच राहतो."

"बोटं बघा साहेब. ग्रीसनं पार चामडं झालंय. टच ओळखतच न्हाई."

"टच ओळखत नाही, का तुला उचलायचाच नसतो?"

"मशीन तुमचं बिघडतंय, अन् फोन माझा बदलायचा?"

"माज करू नकोस, ज्योतीराम."

आतून दिपाली कडाडली, "घ्या की हो! फुकट मिळतोय. आईला व्हिडिओवर बघेन तरी!"

मलाही राहवलं नाही. "घ्या भाऊजी. सांगवीलाही व्हिडिओ कॉल होईल."

त्याने रणजीतच्या तोंडावर दार लावलं. माझ्याही. माझ्या तोंडावर दार लावलेलं मी विसरत नाही.

पुढच्याच महिन्यात सोसायटीच्या मीटिंगला विषय आला, गच्चीवर मोबाईलचा टॉवर. कुणाचा? ज्योतीरामच्या त्या जुन्या कार्डाच्या कंपनीचाच. टॉवरच्या भाड्यातून सोसायटीचा मेंटेनन्स निम्म्यावर येणार, म्हणून सगळे खुश. एकटा ज्योतीराम उभा राहिला.

"मला न्हाई पाहिजे टॉवर."

आमचे चेअरमन मुकुंदराव बँकेतून रिटायर झालेले, त्यांना सगळं समजावून सांगायची सवय. "अहो, उलट फायदा तुमचाच आहे! हे कार्ड वापरणारे इथे तुम्ही एकटे."

"म्हणूनच न्हाई पाहिजे."

सगळे हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "सांगवीवालीचा फोन येईल म्हणून घाबरतोय." मला खरं कारण ठाऊक होतं. तरी टॉवरसाठी सगळ्यात उंच हात माझाच होता.

टॉवर उभा राहिला, आणि पहिल्याच गुरुवारी भल्या सकाळी भिंतीपलीकडे त्याचा फोन वाजला. झोपेतच शर्टाची बटणं लावत तो चाकणला गेला. पुढच्या गुरुवारीही गेला, त्याच्या पुढच्याही. जिन्यात भेटला की माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच गच्चीवर उभी राहून त्याला रेंज देते. दिपालीने कढीपत्ता मागणं बंद केलं आणि मी दिलेलं भांडं न घासता परत पाठवलं.

मग एका संध्याकाळी तो दारोदार फिरू लागला.

"वहिनी, तुमच्या कार्डाला घरात रेंज किती?"

"फुल! अगदी बाथरूममध्येसुद्धा!" मी तोऱ्यात म्हटलं. आली म्हटलं अक्कल.

त्याने तोंड वाकडं केलं आणि पुढच्या दारी गेला. चौथ्या मजल्यावर अवधूत राहतो. तो फोनवर बोलतो तेव्हा अर्धा बाल्कनीच्या बाहेर लोंबकळतो आणि त्याचं ऑफिसचं सगळं गुपित चौकातल्या वडेवाल्यालाही कळतं. तो कळकळीने म्हणाला, "भाऊ, माझं कार्ड चुकूनही घेऊ नका. घरात रेंजच येत नाही." अवधूतनेच मला सांगितलं की हे ऐकून ज्योतीरामने त्याला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी त्याने रणजीतकडे आपणहून तो स्मार्टफोन मागितला. वर म्हणाला, कार्डही पोर्ट करतो. रणजीत इतका खुश झाला की त्याने स्वतःच्या पैशाने चहा पाजला. नवं कार्ड चालू झाल्यावर कारखान्यातच फोन लावून बघितला. घंटी खणखणीत, आवाज स्वच्छ.

आणि आला गुरुवार. दुपारी रणजीत घामाघूम होऊन जिना चढला आणि दार बडवायला लागला. मी माझं दार उघडलं. कोथिंबीर नव्हती, तशीच उभी राहिले.

"सकाळपासून लावतोय! नवा फोन, नवं कार्ड, तरी कव्हरेजच्या बाहेर? येडा समजतोस का मला? लाइन बंद पडलीय तिकडे!"

ज्योतीरामने डोळे चोळत फोन पुढे धरला. रेंजच्या जागी फुली.

"मग ह्या वहिनींचं कार्ड घे! त्यांना इथे येत असेल ना रेंज?"

मी लगेच माझा फोन वर करून दाखवला. फुल.

ज्योतीरामने आधी माझ्याकडे बघितलं, मग रणजीतकडे, आणि म्हणाला, "साहेब, माझ्या कार्डाला चाकणला फुल रेंज असती. पगार तिथल्याच कामाचा देता ना?"