रांग दिसली की उभं राहायचं
काल भाजी निवडताना शेपूचा वास हातांना लागला आणि शेजारची रशियन बाई आठवली. इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत, आमच्याच मजल्यावर ती मुलीकडे राहायची, मी लेकाकडे. दिवसभर दोन्ही घरं रिकामी, आणि शेपू दोघींनाही लागायचा, म्हणून आम्ही बाजाराला बरोबर जायचो. मोडक्या इंग्रजीत ती तिच्या समाजवादी काळाचं सांगायची: कारखान्यानं घर दिलं, पंचावन्नाव्या वर्षी पेन्शन दिली, फक्त दुकानात बूट नसायचे, म्हणून रांग दिसली की आधी उभं राहायचं, काय मिळतंय ते मग विचारायचं. पुढे तो देशच उरला नाही, पेन्शन जेमतेम पावापुरती राहिली, आणि ती इथे आली. एकदा सुपरमार्केटशेजारी लांबलचक रांग दिसली, सगळे साइटवरून आलेले, दमलेले कामगार. हिनं माझा हात धरला आणि चक्क शेवटी जाऊन उभी राहिली. मीही रेशनच्या रांगेत वाढलेली, निमूट उभी राहिले. आमचा नंबर आला तेव्हा काचेमागच्या माणसानं विचारलं, "माँजी, पैसा किसको भेजना है?" ती घरी पैसे पाठवणाऱ्यांची रांग होती. मी तिला समजावलं. ती म्हणाली, "नोबडी. यू?" मी एखादं नाव आठवू लागले. आई नाही, भाऊ नाही, गावचं घरही विकलेलं. मागून कुणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणत घाई केली, तेव्हा आम्ही बाजूला झालो. आता ती नाही. ती रांग दिसली की माझे पाय अजून थबकतात. नाव मात्र सापडलेलं नाही.