मधुकररावांना विचारा

नागपुरात उन्हाळा आवडणारा माणूस हवा असेल, तर कूलरच्या धंद्यात शोधावा. मधुकरराव ठवकर त्याच धंद्यातले. हिंगण्याच्या कारखान्यातून तयार कूलर विदर्भभरच्या दुकानदारांकडे रवाना करणं हे त्यांचं काम. मार्च सरला, लोक तोंडाला दुपट्टे बांधून फिरू लागले, की यांचा चेहरा खुलायचा.

कारखान्यात एक वाक्य दिवसभर कानावर पडायचं, मधुकररावांना विचारा. भंडाऱ्याच्या दुकानदाराला कूलरच्या बाजूंना पाणी झिरपायला गवताच्या ताटीऐवजी जाळीची ताटी हवी, मधुकररावांना विचारा. वर्ध्याची गाडी अर्धीच भरली, सोडायची की थांबवायची, मधुकररावांना विचारा. मालक ओमप्रकाशजी स्वतःसुद्धा त्यांच्याकडे बोट दाखवून मोकळे व्हायचे. आणि मधुकररावांना हे आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं. कुहीकडच्या धानाच्या बांध्यांतून आलेला माणूस, इथे हमाल म्हणून लागला, आणि आता त्याच्या शब्दावाचून गाडी जागची हलत नव्हती. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना हे गृहस्थ मुठीत अक्षता धरून मांडवाबाहेर यवतमाळच्या गाडीचा निकाल लावत उभे होते. अक्षता मग घामाने हाताला चिकटून घरी आल्या.

या सगळ्याचा भार पडला बायकोच्या, सुभद्राबाईंच्या, गुडघ्यांवर. म्हणजे गुडघे झिजले ते वयाने, पण ते तसेच राहिले ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. ऑपरेशन करून घ्या, बाई चालू लागतील, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मधुकरराव म्हणाले, सीझन होऊ द्या. पण कूलरवाल्याचा सीझन संपतो कधी? उन्हाळ्यात माल जातो, पावसाळ्यात बिघडलेला परत येतो आणि हिवाळ्यात पुढच्या उन्हाळ्याची जुळवाजुळव. तेवढ्यात सुभद्राबाईंचा बाजार सुटला, मग शेजारपाजार सुटला, मग गच्चीवर वड्या घालणंही सुटलं. भिंतीला धरून त्या स्वयंपाकघरापर्यंत जायच्या आणि तक्रार करायच्या नाहीत. तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

अशात ओमप्रकाशजींची मुलगी मयुरा कारखान्यात रुजू झाली. विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत तिने काही वर्षं कामाची घडी बसवून देण्याचं काम केलं होतं. कामाला नाव भारदस्त, बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट. अर्थ साधा: ऑर्डर आल्यापासून गाडी सुटेपर्यंत कोणी काय करायचं आणि पुढे कोणाच्या हाती द्यायचं, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं, ठरल्याप्रमाणे चालवायचं आणि अडलं तिथे सुधारायचं. तिने ऑफिसची एक भिंत रिकामी केली आणि सगळ्यांना पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. सध्या काम जसं होतं तसं लावा, म्हणाली, चांगलं दाखवायला नको, खरं दाखवा.

लोकांनी खरंच दाखवलं. ऑर्डर घेणाऱ्या मिनलने आपली चिठ्ठी लावली आणि तिच्याखाली दुसरी, ‘मधुकररावांना विचारणे’. गोदामाच्या धर्मेंद्रने एक लावली, खाली तीच. मोटर, पंप, ताटी, पॅकिंग, गाडी. भिंत भरली तेव्हा मधुकररावांचं नाव इतक्या ठिकाणी चिकटलं होतं की निवडणुकीत उभे आहेत की काय असं वाटावं. मयुरा ती नावं मोजत राहिली. मधुकररावांची छाती मात्र फुगली. त्यांनी भिंतीचा फोटो काढला आणि संध्याकाळी घरी जाऊन, चप्पल काढायच्या आधी, बायकोला दाखवला.

सुभद्राबाईंनी चष्मा लावला. फोटो बोटांनी मोठा करून इकडून तिकडे सरकवत सगळा पाहिला.

“याच्यात घरी यायचा रस्ता कुठी आहे जी?” त्यांनी विचारलं.

त्यांनी ते टोमण्याने विचारलं नव्हतं. खरंच शोधत होत्या. मधुकरराव त्या दिवशी जेवले, पण काय जेवले ते त्यांना आठवत नाही.

नेमकी त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख आली. मोठ्या डॉक्टरांना वेळ होता तो ऐन एप्रिलमध्ये, नंतर ते महिनोन्‌महिने परदेशी जाणार होते. दुसऱ्या दिवशी मधुकरराव मयुरापुढे जाऊन उभे राहिले.

“मले काढ वं पोरी त्या भिंतीवरून,” ते म्हणाले.

मयुराने त्यांना आधी बसवलं. काका, नुसती चिठ्ठी काढून भागणार नाही, ती म्हणाली. लोक विचारतात तेव्हा तुम्ही काय उत्तर देता, ते आधी पाहू. मग बरेच दिवस ती त्यांच्याजवळ बसून ऐकत राहिली. निघालं काय, तर बहुतेक वेळा मधुकरराव एकच उत्तर द्यायचे: हो, पाठवून दे. एवढ्यासाठी माणसं त्यांना शोधत गोदामभर हिंडत आणि गाड्या उन्हात तापत उभ्या राहत. ज्या थोड्या ठिकाणी खरंच डोकं लागायचं, तिथल्या त्यांच्या अटी मयुराने कॉम्प्युटरमध्ये घातल्या. गाडीत पंप चढले नसतील तर गाडी अडणार, बदली ताटी दुकानदार हो म्हणेल तरच जाणार. शेवटचा निर्णय धर्मेंद्रचा. धर्मेंद्रने हे ऐकलं आणि त्याचं तोंडच उतरलं. मी चुकलो तं, असं त्याने विचारलं. चुकला तं निस्तरजो, मधुकरराव म्हणाले. म्हणणं सोपं होतं.

मग तालीम सुरू झाली. मधुकररावांनी आपल्या खुर्चीत बसायचं, पण उत्तर द्यायचं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचं, कॉम्प्युटरमध्ये पाहा. पहिल्या सकाळी हा गडी तोंडावर रुमाल दाबून बसला होता. दुपारपर्यंत बरं चाललं. मग गोंदियाची गाडी भरत आली आणि एक माशी मधुकररावांच्या नाकाशी घोंगावू लागली. त्यांनी ती मानेने हाकलली. समोर धर्मेंद्र उभा होता. पंप चढले नाहीत, गाडी थांबवा, असं कॉम्प्युटर सांगत होता. धर्मेंद्रने कॉम्प्युटर पाहिला, मग मधुकररावांची मान हलताना पाहिली, तो होकार समजला, आणि गाडी सोडून दिली.

पंपाविना कूलर म्हणजे पत्र्याची पेटी. गोंदियाच्या दुकानदाराने फोनवर ओमप्रकाशजींचा उद्धार केला, ओमप्रकाशजींनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. हे भिंतीवरचे खेळ बंद, ते कडाडले, उद्यापासून जुनंच चालेल. मग मधुकररावांकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाले, की पाहिलंत ना, तुमच्याशिवाय होत नाही. ऑपरेशन दिवाळीनंतर करू, खर्चाची काळजी माझी.

मधुकररावांना हे फार गोड लागलं. इतकी वर्षं हेच तर ऐकायचं होतं, तेही मालकाच्या तोंडून, सगळ्यांसमोर. मान हलवली की काम झालं. पण मानेने त्या दिवशी एक घोळ घालून झाला होता, आणि त्यांना फोटोत घराचा रस्ता शोधणारं बोट आठवलं. त्यांना स्वतःचा मनापासून राग आला.

“शेठजी, कॉम्प्युटर तं बरोबर सांगून राहिला होता,” ते म्हणाले. “यानं माह्या तोंडाकडे पाहिलं. मी तिथं बसून राहिलो, हीच चूक. मी नसन तवाच हे पोट्टे शिकतीन. मले जाऊ द्या.”

ओमप्रकाशजींनी मुलीकडे पाहिलं. मयुरा म्हणाली, गाड्या सुटतात ते फाटकच आता कॉम्प्युटरला जोडते. पंप नसतील तर कोणाच्याही मानेने उघडणार नाही. ओमप्रकाशजींना हसू आलं ते त्यांनी चष्मा पुसण्यात लपवलं, आणि जा म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी मधुकरराव दवाखान्याच्या बाकावर फोन हातात धरून बसले होते. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. अशा उन्हात फोन फुरसत देत नसे. तो वाजला नाही. त्यांनी रेंज पाहिली. शेजारच्या माणसाला मिस्ड कॉल द्यायला लावला, तर फोन ठणठणीत होता. मग त्यांना खूप वाईट वाटलं. आपल्याला कोणी विचारत नाही, ही गोष्ट घशाखाली उतरायला तो सगळा दिवस लागला. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, सगळं नीट झालं म्हणाले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आज बायकोची काळजी त्यांनी पहिल्यांदाच पुरती, मध्ये कोणी न अडवता, केली होती.

दुसऱ्या सकाळी नर्सने सुभद्राबाईंना वॉकर देऊन उभं केलं. त्यांनी दात आवळून एक पाऊल टाकलं, मग आणखी एक. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर धर्मेंद्रचं नाव होतं. मधुकररावांनी तो असा झडप घालून उचलला की नर्स दचकली.

“वहिनी चालल्या काय, भाऊ?” धर्मेंद्रने विचारलं.

चालून राहिली, मधुकरराव म्हणाले. धर्मेंद्र म्हणाला, सगळे विचारून राहिले, मिनलने वहिनींसाठी गुळाची पोळी करून ठेवली आहे. एवढंच बोलायचं होतं, तो फोन ठेवू लागला. पण सवय ती सवय. मधुकररावांनी खिडकीकडे तोंड करून, बायकोला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलंच, गोंदियाची गाडी सुटली काय?



“भाऊ,” तो म्हणाला, “कॉम्प्युटरमध्ये पाहा.”

मधुकरराव इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. कोणाचा फोन, काय म्हणतो, सुभद्राबाईंनी वॉकरवरूनच विचारलं. तुले विचारून राहिला, त्यांनी सांगितलं. फोन उशीखाली सरकवून ते बायकोजवळ गेले आणि दारापर्यंत जायचं का म्हणाले. सुभद्राबाई म्हणाल्या, दारापर्यंत काहून, त्या जिन्यापर्यंत जाऊ. मधुकररावांनी हात पुढे केला आणि दोघं सावकाश निघाली.